पंचेचाळिशीनंतर गिटार शिकताना

मध्यम वयात गिटार हाती घेणाऱ्या माणसाची बोटे ताठरलेली असतात, ही त्याची खरी अडचण नव्हे. त्याचा कान चाळीस वर्षे उत्तम गाणे ऐकून तयार झालेला असतो आणि बोटे मात्र कालच बालवाडीत दाखल झालेली असतात, ही त्याची अडचण आहे. बारा वर्षांच्या मुलाला आपण बेसूर वाजवतो आहोत हे उमगायला वेळ लागतो, त्यामुळे ते मजेत वाजवत राहते. आपल्याला ते पहिल्याच मिनिटाला कळते आणि दोन आठवड्यांत गिटार कपाटावर जाते. हा कान न दुखावता बोटांना पहिलीच्या वर्गात कसे बसवायचे, याचा क्रम मी माझ्या अनुभवावरून येथे मांडतो आहे. मी ४७ व्या वर्षी ठाण्यात शिकायला सुरुवात केली आणि नोकरी-घर सांभाळून चार वर्षे वाजवतो आहे. मी शिक्षक नाही; त्यामुळे शिक्षक मंडळी ज्या चुका केव्हाच विसरून गेलेली असतात, त्या मला अजून लख्ख आठवतात.

त्याच कानाची जमेची बाजूही आहे. घरच्या पेटीवर ज्याने थोडेफार सूर छेडले आहेत, गणपतीत ज्याने टाळ धरला आहे, त्याला केरवा आणि दादरा नव्याने शिकवावा लागत नाही. ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ म्हणजे काय हेही त्याला ठाऊक असते. गिटारचे बहुतेक व्हिडिओ हे ज्ञान गृहीत धरत नाहीत. आपण धरायचे.

गिटार निवडताना खिशात तीन कार्डे असावीत

दुकानात तीन प्रकार समोर येतात: धातूच्या तारांची अकूस्टिक, नायलॉनच्या तारांची क्लासिकल आणि इलेक्ट्रिक. सिनेसंगीत व भावगीते वाजवायची असतील तर अकूस्टिकच घ्यावी असे सरसकट सांगितले जाते. ते बव्हंशी बरोबर असले, तरी त्यात वयाचा विचार नसतो. पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३ इंच जाडीची, अशा नेहमीच्या संचातील सहाही तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो होतो. नायलॉनच्या तारांचा ताण ४० किलोच्या आसपास राहतो, आणि हा फरक बोटांच्या टोकांना पहिल्याच दिवशी कळतो. मात्र क्लासिकल गिटारची मान वरच्या टोकाला साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, तर अकूस्टिकची ४३ च्या आसपास, त्यामुळे ज्यांची बोटे आखूड आहेत त्यांना नायलॉनची सोय मानेच्या रुंदीत गमवावी लागते. इलेक्ट्रिकच्या तारा सर्वांत पातळ असतात. सांधे कुरकुरणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात केली तर त्यात काहीही कमीपणा नाही, शिवाय हेडफोन लावून रात्री अकरालाही वाजवता येते.

माझे मत विचाराल, तर लहान आकाराची अकूस्टिक घ्यावी आणि दुकानातच तिला १० ते ४७ मापाच्या (०.०१० ते ०.०४७ इंच) हलक्या तारा लावून घ्याव्यात. ड्रेडनॉट म्हणतात त्या मोठ्या आकाराच्या गिटारवरून उजवा हात वळवून आणताना खांदा आपोआप वर उचलला जातो, आणि पोटाचा घेर वाढलेला असेल तर ती आणखी पुढे ढकलली जाते; दुकानदार हे सांगत नाही, घरी आल्यावर आरसा सांगतो. लाकडाच्या बाबतीत ‘सॉलिड टॉप’चा मोह पहिल्या गिटारला धरू नये. एकसंध लाकडाचा आवाज अधिक चांगला असतो हे खरे, पण खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत थर चिकटवून केलेले लॅमिनेटेड लाकूड अधिक निमूटपणे टिकते. ७ ते १२ हजार रुपयांच्या दरम्यान नामांकित कंपनीची कामचलाऊपेक्षा कितीतरी बरी गिटार मिळते. तीन-साडेतीन हजारांच्या गिटारमध्ये वाचलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात.

आता कार्डांविषयी. गिटार वाजवायला सोपी की अवघड, हे प्रामुख्याने तार पडद्यापासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून, किती उंच आहे यावर ठरते. या उंचीला ‘ॲक्शन’ म्हणतात. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे तीन कार्डे एकावर एक ठेवली की साधारण २.३ मिलिमीटर होतात. बाराव्या पडद्यावर सर्वांत जाड तारेखाली ही तीन कार्डे सरकवून पाहावीत. ती जेमतेम जात असतील तर गिटार योग्य आहे. चार कार्डे सहज जाऊन वर फट उरत असेल, तर ती गिटार तशीच घरी आणू नये.

मी आणली होती. घरबसल्या मागवलेली ती गिटार दीड महिना वाजवताना मला वाटत राहिले की आपल्याच बोटांत जोर नाही. एका विक्रेत्याने तर फोनवर ‘या वयात एवढे व्हायचेच’ असे सांगून माझा संशय पक्का केला. शेवटी नौपाड्यातील एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे ती नेली. त्यांनी सहावी तार बाराव्या पडद्यावर दाबली, सोडली, आणि ‘हिच्यावर कपडे वाळत घाला’ एवढेच म्हणाले. मग तारा सैल करून मानेच्या आत असलेली सळई पान्याने पाव फेरा आवळली, तारा खाली जिथे टेकतात त्या घोडीवरची पांढरी पट्टी पकडीने अलगद उपसली, तिच्या बुडाशी पेन्सिलीने रेघ मारली आणि काचेवर अंथरलेल्या पॉलिश पेपरवर ती पट्टी रेघेपर्यंत घासली. पट्टी दोन मिलिमीटर घासली की बाराव्या पडद्यावर तार एकच मिलिमीटर खाली येते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, हे त्यांनी हातातले काम न थांबवता समजावून सांगितले. वीस मिनिटांनी तीच गिटार माझ्या हातात दुसऱ्या कोणाची तरी वाटली. म्हणून माझा पहिला सल्ला हा की गिटार कुठूनही घ्या, पण एकदा जाणत्या कारागिराकडून तिचा ‘सेटअप’ करून घेतल्याशिवाय स्वतःच्या बोटांना दोष देऊ नका.

ठाणे आणि वाशीतील दुकानांत नवशिक्याला पुरेल एवढी निवड असते. दहा-पंधरा गिटारी एका जागी हाताळून पाहायच्या असतील, तर एका शनिवारी सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलावापर्यंत जावे. १८६५ पासून वाद्यविक्रीत असलेले फुर्टाडोज तिथेच आहे. सोबत वाजवणारा एखादा मित्र न्यावा. आपल्याला स्वतःला वाजवता येत नसताना गिटारचा आवाज समोर बसूनच ऐकणे बरे.

गिटारबरोबर सूर जुळवायचा क्लिपचा ट्यूनर, पट्टी बदलायचा कॅपो, तारा छेडायच्या दोन-तीन पातळ पिक आणि एक सुती फडके एवढे घ्यावे. बाकी सारे नंतर.

बसणे, चष्मा आणि डावा अंगठा

हात नसलेली खुर्ची लागते. जेवणाच्या टेबलाची चालते. सोफ्यावर आणि पलंगावर बसून शिकू नये, कारण पाठ वाकते आणि गिटार उताणी होते. पेटीच्या सवयीने मांडी घालून बसण्याचा मोह होतो, पण मांडीवर गिटारला आधार मिळत नाही आणि तिला सावरण्याचे काम डाव्या हाताकडे जाते, ज्याला आधीच पुष्कळ काम आहे. गिटार उजव्या मांडीवर ठेवून उजव्या पायाखाली घरातला लाकडी पाट घेतला की ती आपसूक छातीशी टेकते. दोन्ही हात सोडून दिले तरी ती हलली नाही, तर बैठक जमली. शर्टाची बटणे, पट्ट्याचे बक्कल, मंगळसूत्र आणि बांगड्या गिटारच्या पाठीवर चरे पाडतात, तेव्हा ते आधी बाजूला करावे. डाव्या हाताची नखे बोटाच्या टोकापलीकडे दिसणार नाहीत इतकी कापावीत. याला पळवाट नाही.

चाळिशीचा चष्मा हा विषय कोणत्याही शिकवणीत निघत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पडदे पाहण्यासाठी आपण हनुवटी खाली आणि मान डावीकडे अशी विचित्र वळवतो, आणि अर्ध्या तासात मान आखडते. उपाय दोन आहेत. मानेच्या वरच्या कडेवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या पडद्यापाशी ठिपके असतात. समोरून पडदे पाहण्याऐवजी वरून त्या ठिपक्यांकडे पाहण्याची सवय करावी. दुसरे म्हणजे गाण्याचा कागद मांडीवर किंवा टेबलावर न ठेवता स्टँडवर डोळ्यांच्या पातळीला, संगणकाच्या पडद्याएवढ्या अंतरावर लावावा.

डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर, टेकलेला असावा, आवळलेला नसावा. बोट पडद्यावर न ठेवता पडद्याच्या अगदी अलीकडे, जवळजवळ चिकटून ठेवले, तर निम्म्या जोरात स्पष्ट सूर येतो. दोन पडद्यांच्या मध्यभागी दाबणारा माणूस दुप्पट कष्ट करून खरखर ऐकतो.

सूर लावणे

सर्वांत पातळ तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी. पेटीच्या भाषेत सांगायचे, तर सहावी तार पांढरी तीन, पाचवी पांढरी सहा, चौथी पांढरी दोन, तिसरी पांढरी पाच, दुसरी पांढरी सात आणि पहिली पुन्हा पांढरी तीन, पण दोन सप्तके वर. इंग्रजी नावांनी हेच ई, ए, डी, जी, बी, ई. सहाव्या तारेची कंपने सेकंदाला ८२.४, पाचवीची ११० आणि पहिलीची ३२९.६ असतात. ट्यूनर ए सुरासाठी ४४० कंपनांवर लावलेला असला की ही जुळणी तो स्वतः करतो.

खुंटी फिरवताना सूर नेहमी खालून वर चढवावा. तार चढी झाली असेल तर ती आधी पुरेशी उतरवावी आणि मग पुन्हा चढवत आणावी, नाही तर खुंटीतली ढील नंतर सुटते आणि गाण्याच्या मध्यात तार उतरते. ट्यूनर लावण्याआधी दररोज एकदा कानाने प्रयत्न करावा: सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबली की पाचव्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो, आणि पुढेही तसेच; फक्त तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबून दुसरी लावायची. ज्याचा कान तयार आहे त्याला हे काम आवडते, आणि पहिल्या आठवड्यात आवडणारे एवढेच काम असते.

पहिले सहा आठवडे: एका वेळी एकच बोट

रोज वीस मिनिटे पुरतात. ती दहा-दहाच्या दोन बैठकांत विभागली तर अधिक चांगले, कारण नव्या हालचाली मेंदूत मुरायला मध्ये विश्रांती लागते. रविवारी एकदम दोन तास बसणे हा नोकरदारांचा आवडता मार्ग आहे आणि तो निरुपयोगी आहे. सोमवारी बोटे सुजतात आणि बुधवारपर्यंत सगळे विसरते. बोटांची टोके तीन-चार आठवडे दुखतात, मग तिथली त्वचा घट्ट होते. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच बसू नये. ओली, मऊ झालेली त्वचा तारेखाली सोलवटते.

पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांचा गुच्छ, ई मायनर. मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, आणि सहाही तारा छेडायच्या. हिचा आवाज इतका भरदार येतो की पहिल्याच दिवशी कानाला काहीतरी खायला मिळते. तीन दिवस हीच वाजवावी, एकेक तार सुटी छेडून कोणती तार मुकी राहते ते ऐकावे आणि त्या बोटाचे पेर थोडे अधिक उभे करावे.

दुसरी ए मायनर: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. आणि तिसरी सी. येथे थोडे थांबावे, कारण गिटार शिकणे म्हणजे काय ते या एका जागी दिसते. सी मध्ये तर्जनी आणि मधले बोट ए मायनरमध्ये होते तिथेच राहतात. केवळ अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जाते. म्हणजे एका बोटाचे काम. तरी नवशिक्याची तिन्ही बोटे एकदम उडतात, हवेत गोंधळतात आणि एकेक करून खाली उतरतात. अनामिका आणि करंगळी यांचे स्नायुबंध एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे ती दोघे स्वतंत्र हलायला तयार नसतात, ही शरीराची रचनाच आहे. त्यावर चिडून उपयोग नाही.

मी हे असे केले: उजवा हात मांडीवर ठेवला, म्हणजे आवाजच नको. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत चार सेकंद ए मायनर धरली, पुढच्या चार सेकंदांत फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेवर नेली, तर्जनी व मधल्या बोटाला तारेवरून हलू दिले नाही, आणि पुन्हा उलट. आवाज नसल्यामुळे कान नाराज होण्याचा प्रश्नच नव्हता. पाच दिवसांनी उजवा हात सामील केला. त्यानंतर रोज एक मिनिटाची गणना सुरू केली: साठ सेकंदांत ए मायनर ते सी असे किती बदल स्वच्छ होतात ते मोजायचे आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत आकडा लिहायचा. माझा पहिला आकडा १४ होता, तीन आठवड्यांनी ३१ झाला. ३० च्या पुढे गेल्यावर संथ गाणे धरता येते, आणि ६० ला पोहोचल्यावर बोटांकडे पाहावे लागत नाही. दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेला हा आकडाच दाद देतो, कारण रोजच्या रोज कानाला फरक कळत नाही.

यानंतर जी आणि डी. जी मध्ये मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवावी. करंगळीला सुरुवातीला हे जड जाते, पण ई मायनरवरून येताना मधले बोट जागचे हलत नाही, हा फायदा मोठा आहे. डी मध्ये तर्जनी तिसऱ्या तारेच्या आणि मधले बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर येते, आणि छेडताना चौथ्या तारेपासून खालीच छेडायचे. या पाच कॉर्डवर पहिले सहा महिने निघतात. एकाच वेळी पाचही शिकण्याऐवजी जोड्या कराव्यात: ई मायनर आणि ए मायनर, ए मायनर आणि सी, ई मायनर आणि जी, जी आणि डी. सर्वांत अवघड जोडी सी आणि जी. ती शेवटी घ्यावी.

उजवा हात म्हणजे तबल्याचा हात

व्हिडिओंमधील बाण पाहून स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात खाली-वर फिरवून छेडणे, शिकणे मला कधीच जमले नाही. बोल म्हणत शिकलो आणि एका संध्याकाळी जमले. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ति न क धि न, तोंडाने म्हणायच्या. विषम मात्रांवर हात खाली आणि सम मात्रांवर वर, लोलकासारखा, न थांबता. आता तारांना स्पर्श मात्र पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेवरच करायचा. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर हात फिरेल, पण तारेला न लागता हवेतून जाईल. शेकडो गाण्यांना चालणारा ठेका तो हाच. पाचव्या मात्रेला हात थांबला की ठेका लंगडतो, आणि बहुतेकांचा तिथेच लंगडतो.

दादऱ्यासाठी धा वर कॉर्डची जाड तार एकटी छेडावी आणि पुढच्या दोन मात्रांना खालच्या तीन तारा हलकेच, मग पुन्हा तसेच. गती मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरू करावी. मेट्रोनोम फोनवर फुकट मिळतो. पिक घट्ट धरू नये. चिमटीत धरलेला अंगारा सांडणार नाही, इतपतच पकड हवी.

कॅपो आणि आपली पट्टी

साथ करताना गाणाऱ्याची पट्टी महत्त्वाची, आणि येथे पेटीचे ज्ञान व्याजासह परत मिळते. कॅपो म्हणजे मानेवर लावायचा चिमटा. तो ज्या पडद्यावर लावाल तितके अर्धस्वर सगळी गिटार चढते, बोटांचे आकार तेच राहतात. जी आकाराने वाजवताना सा पांढरी पाच असतो. कॅपो पहिल्या पडद्यावर लावला की काळी चार आणि तिसऱ्यावर लावला की काळी पाच, म्हणजे पुष्कळ गायिकांची पट्टी. सी आकाराला कॅपो पहिल्या पडद्यावर लावून काळी एक मिळते, तिसऱ्यावर काळी दोन. डी आकाराला तिसऱ्या पडद्यावर पांढरी चार, चौथ्यावर काळी तीन. एवढे पाठ असले की घरातील कोणीही ‘काळी चार’ म्हणाले तरी गणित करत बसावे लागत नाही.

पहिले गाणे निवडताना आवडीपेक्षा पाठांतर पाहावे. जे गाणे झोपेतून उठवले तरी म्हणता येते, ज्यात तीन-चार कॉर्ड आहेत आणि ओळीत दोनदाच बदल आहेत, ते पहिले. घरची आरती या कसोटीला उतरते.

शिक्षक, वेळ आणि शेजार

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी आपले हात पाहायला हवेत. मनगट चुकीचे वळते आहे हे व्हिडिओ सांगू शकत नाही. शिक्षक निवडताना नावलौकिकापेक्षा अंतर पाहावे. कासारवडवलीत राहून संध्याकाळी साडेसहाला नौपाड्यात शिकवणी ठेवणारा माणूस घोडबंदर रस्त्यावर गिटारपेक्षा संयमच अधिक शिकतो. ऐरोली-कोपरखैरणेकरांनीही ट्रान्स-हार्बरच्या गर्दीच्या वेळी गिटार पाठीवर घेऊन डब्यात शिरू नये. गर्दीच्या उलट दिशेची वेळ साधावी किंवा चालत जाता येईल असा शिक्षक शोधावा. पहिल्या तासाला एवढेच पाहावे की शिक्षक आपल्या हाताला हात लावून दुरुस्त करतो का, गाणे आपण निवडलेले चालते का, आणि दहा वर्षांच्या मुलांच्या तुकडीत आपल्याला बसवणार आहे का. त्या मुलांबरोबर बसण्यात लाज नाही, पण त्यांची गती वेगळी असते आणि आपण उगाच घाई करू लागतो. ट्रिनिटीसारख्या संस्थांच्या आठ ग्रेडच्या परीक्षा मोठ्यांनाही देता येतात. मात्र पहिली दोन वर्षे त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. आयुष्यात परीक्षा पुरेशा झालेल्या असतात.

सोसायटीत रात्री दहानंतर वाजवायचे असेल, तर घोडीजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पट्टी सरकवावी. आवाज मिटतो, बोटांचा सराव होतो. गिटार पिशवीत बंद करून ठेवली तर ती निघत नाही, म्हणून ती स्टँडवर, येता-जाता दिसेल अशी ठेवावी. चहा उकळेपर्यंतची चार मिनिटेही सी आणि जी च्या कामी येतात.

कोणते दुखणे चालेल

टोकांची चुरचुर चालेल. तळहातात, मनगटात किंवा खांद्यात दुखले तर त्याच क्षणी थांबावे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातील नस दबत असण्याची शक्यता असते. बोट मिटल्यावर अडकून ‘कट्’ करून उघडत असेल तर ते ट्रिगर फिंगर. मधुमेह असणाऱ्यांत ते अधिक आढळते. खांदा आखडण्याचेही तेच. अशा वेळी मलम चोळत सराव रेटू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि हाताला विश्रांती द्यावी. त्या काळात उजव्या हाताचा ठेका मोकळ्या तारांवर किंवा नुसता मांडीवरही चालू ठेवता येतो. सरावाआधी मिनिटभर मुठी उघडझाप करणे आणि थंडीच्या सकाळी हात कोमट करणे पुरेसे असते.

पावसाळा

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत ती ८० च्या वर राहते, आणि लाकूड पाणी पिऊन फुगते. घोडीमागचा भाग किंचित वर येतो आणि तारांची उंची वाढते. ऑगस्टमध्ये अचानक कॉर्ड जड वाटू लागल्या तर तीन कार्डे पुन्हा काढावीत. त्या महिन्यांपुरती गिटार पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या दर तीन-चार आठवड्यांनी बदलाव्यात. दिसेल अशी ठेवण्याचा नियम तेवढ्यापुरता मोडावा लागतो, म्हणून पिशवी तरी दारासमोर असावी. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नये, एसीच्या झोतातही ठेवू नये, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच सोडू नये, कारण तापलेल्या डिकीत घोडीचा डिंक सुटतो. घामाने तारा गंजतात. वाजवून झाले की प्रत्येक तार फडक्याने वरून आणि खालून पुसावी. तीन-चार महिन्यांनी संच बदलावा. नायलॉनच्या गिटारला धातूच्या तारा कधीही लावू नयेत; तो ताण तिच्या घोडीला पेलत नाही.

एफ नावाचा घाट

पाचव्या-सहाव्या महिन्यात एफ समोर येते. एकाच तर्जनीने सहाही तारा आडव्या दाबायच्या, आणि पुष्कळ जण येथूनच परततात. घाई नको. पहिली तार मोकळी ठेवून तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या आणि अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवली की एफ मेजर सेव्हन होते, आणि ती बहुतेक गाण्यांत एफ च्या जागी शोभते. सहाव्या-पाचव्या तारा तेवढ्या छेडू नयेत. दोन महिन्यांनी तर्जनीच थोडी आडवी करून पहिली तारही दाबावी. पूर्ण आडवी तर्जनी वर्षभराने आली तरी गाणे अडत नाही. मला चौदा महिने लागले, आणि थंडीत अजूनही एखादी तार मुकी राहते.

इतरांबरोबर वाजवणे

एकट्याने वाजवताना आपण नकळत अवघड बदलापाशी थांबतो आणि ताल आपल्यासाठी थांबतो. दुसरे कोणी गायला लागले की ताल थांबत नाही, म्हणून सहा महिन्यांनंतर कोणा ना कोणाबरोबर वाजवायला सुरुवात करावी: घरातील गाणारे, सोसायटीतील ढोलकीवाला, कार्यालयातील पेटीवाला. सोबतीला वाजवण्याचा नियम एकच आहे आणि तो आधी सांगणारा मला कोणी भेटला नव्हता. आमच्या इमारतीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशीच्या आरतीला माझी सी वरून जी चुकली. मी सवयीने थांबलो, बोटे नीट लावली आणि पुन्हा सुरू केले, तोवर आरती दोन ओळी पुढे गेली होती आणि शेजारचे जोशीकाका माझ्याकडे पाहत टाळ वाजवत होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच चुकली. या वेळी डावा हात तारांवर हलका टेकवून त्या मुक्या केल्या, उजवा हात केरव्यात तसाच फिरू दिला, आणि पुढच्या धा ला जी धरली. मध्ये पाच मात्रा नुसता खरखरीत ठेका ऐकू आला. ढोलकीवाल्याला वाटले, मी मुद्दाम तसे वाजवतो आहे, आणि त्याने पुढच्या कडव्याला त्याच जागी मला खूण केली.